कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला

अक्का,

तेराव्याला पाटावर तुमचा जो फोटो मांडला होता, तो आधार कार्डावरचा होता. हे तुम्हाला मीच सांगायला हवं. दुसरं कुणी सांगणार नाही. घाईत कुणीतरी मोबाइलवरून तो मोठा करून आणला. मान खांद्यांत रुतलेली, कपाळावर घामाची चकाकी, आणि डोळे असे, की आत्ताच कुणीतरी तुमच्यावर ओरडलं आहे. त्यावर झेंडूचा हार. माणसं येत होती, हात जोडत होती. थोरली जाऊ गेल्यावर धाकटीनं काय करायचं असतं ते मला ठाऊक होतं, आणि पंगतीपासून पाहुण्यांच्या परतीच्या ऑटोपर्यंत सगळं मी केलंही. पण येता-जाता माझं लक्ष त्या फोटोतल्या हनुवटीवर जात होतं. ती चुकीच्या जागी होती. तुम्ही असता तर तो फोटो उचलून उलटा ठेवला असता आणि मगच पानावर बसला असता.

आता महिना झाला. बैठकीत कायमची तसबीर लावायची आहे. कोणता फोटो, ते दादांनी माझ्यावर सोडलं. "बायको माझी खरी, पण फोटोतल्या जाणत्या तुम्ही दोघी. तूच ठरव बाई," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. तुम्ही गेल्यापासून ते पेपर फार जवळ धरतात. वन्संचं म्हणणं, त्यांच्या मुलीच्या लग्नातला घ्यावा, पैठणी आणि नथीतला. तो ग्रुप फोटो आहे. कापला तर तुमच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात उरतो.

आणि कॅमेऱ्यात तुमचे दोन फोटो आहेत. त्या दुपारी मी काढलेले, तुम्ही न पाहिलेले. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला विचारल्याशिवाय मी वरच्या खोलीतलं काही कधी ठरवलं नाही. विचारून तुमचं ऐकलंच असं नाही, पण विचारलं मात्र दर वेळी.

वरची खोली कशी सुरू झाली, ते लोकांना सांगताना तुम्ही दर वेळी वेगळं सांगायचात. खरं मला आठवतं. शेजारची मुलगी स्थळासाठी फोटो काढायला बाजारात गेली आणि रडत परत आली. फोटोवाल्यानं हनुवटीला धरून तिची मान वळवली होती. त्याच्या मनात काही नसेलही. पण फोटोत ती मुलगी भ्यालेली दिसत होती, आणि तो भ्यालेला चेहरा आता घरोघरी फिरणार होता. तुम्ही तो फोटो हातात धरून बराच वेळ बघितलात आणि म्हणालात, "हात न लावता माणूस वळिवता येत न्हाई व्हय गं?"

पुढची सगळी वर्षं त्या एका प्रश्नामागे गेली.

धंदा गुंडाळणाऱ्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरचा जुना कॅमेरा आपण घेतला. उत्तरेची खिडकी असलेली वरची खोली मोकळी केली. खिडकीच्या समोर थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता उभा केला, उजेड त्यावर पडून दुसऱ्या गालावर परत यावा म्हणून. आणि दुकानांचे हिशेब लिहिणाऱ्या माझं तुम्ही बाहुलं केलंत. दुपारची जेवणं झाली, पुरुषमाणसं बाहेर पडली, की जिन्यावरून हाक यायची, "शोभा, ये. तोंड धुऊन ये."

मोबाइलवर शिकवणाऱ्या बाया परदेशातल्या. त्या सांगायच्या, हात कंबरेवर ठेवा. मी ठेवला तर तुम्ही म्हणालात, "नळावर भांडायला निघालीस काय?" त्या सांगायच्या, हनुवटी पुढे आणि खाली. मी केली. तुम्ही फोटो बघितलात आणि हसत खालीच बसलात. "उंट हाय गं, उंट!" मी चिडले. म्हटलं, नीट मापात सांगा, किती पुढे, किती खाली, मी तेवढी करते. तुम्ही जरा विचार केलात. मग म्हणालात, "तुझ्या मुरुडच्या विहिरीत कासव हाय म्हणतीस न्हवं? बघ दिसायलंय का."

मी वाकून बघितलं. खरंच बघितलं, अक्का. वरच्या खोलीच्या फरशीत मला माहेरची विहीर दिसली. तेवढ्यात खट् वाजलं. माझा आयुष्यातला पहिला बरा फोटो तो. मान लांब, जबडा रेखीव, डोळे काहीतरी शोधणारे. आमच्या ह्यांनी बघून विचारलं, "ही कोण?" तुम्ही ते वाक्य पुढं कित्येक सणांना पंगतीत सांगितलंत.

तिथून तुमची रीत सुरू झाली. मुलीला हात लावायचा नाही आणि हस असंही म्हणायचं नाही. "हस म्हणलं की दात येतात, हसू येत न्हाई." उभं कसं राहायचं? "निलंग्याची एस्टी यायचीय, अजून लई उशीर हाय, तशी उभी ऱ्हा." लगेच भार एका पायावर जायचा आणि कंबर आपोआप वळायची. हातांचं काय करू म्हणून विचारलं, की, "कुकरच्या शिट्ट्या मोजताना कुठं असतात तुझे हात? तिथंच ठिव." अंगानं भरलेली मुलगी खांदे चोरून बसली की तिला सांगायचात, "अंगानं खिडकीकडं जा, तोंडानं माझ्याजवळ ऱ्हा." ती वळायची आणि निम्मी व्हायची. मोबाइलवरच्या बायांना जे सांगायला अर्धा तास लागायचा, ते तुम्ही मुलीच्या घरातलं काहीतरी उचलून एका वाक्यात सांगायचात.

आणि नजर. मुलीबरोबर आई, बहीण, मैत्रीण, जी कुणी आली असेल तिला तुम्ही कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला थर्माकोलपाशी उभी करायचात. मुलगी भिंगात बघायला लागली की म्हणायचात, "कॅमेरा काय तुझा कुणी लागतो का? त्याच्याकडं कशाला बघायलीस? आईकडं बघ." मुलगी आईकडं बघायची. आई उगाच पदर सारखा करायची. आणि चेहरा सैल पडायचा, मुठीतला चिंधीचा बोळा सोडल्यावर उलगडतो तसा.

मी मदत करायला गेले आणि फजिती करून घेतली. तुम्ही प्रत्येकीला नव्यानं बसवता, त्यात वेळ जातो, म्हणून मी फरशीवर खडूनं खुणा केल्या. स्टूल इथं, डावा पाय इथं, उजवा इथं, नजर भिंतीवर चिकटवलेल्या या टिकलीवर. सगळं पट्टीनं मोजून. तुम्ही तेव्हा उदगीरला माहेरी गेला होता. ते दिवस मी एकटीनं फोटो काढले आणि झटपट उरकले. मग लातूरला वधू-वर मेळावा झाला आणि त्याचं पुस्तक घरी आलं. तुम्ही पानं उलटू लागलात. एक मुलगी, मान जराशी कललेली. पुढच्या पानावर दुसरी, तशीच. पानापानाला तीच मान, तोच खांदा, तीच नजर, एका साच्यातून काढलेल्या गणपतींसारखी.

"अगंबाई," तुम्ही म्हणालात, "समद्या जणी एकाच टिकलीवर खूश झाल्यात की!"

मेळाव्यात एक बाई म्हणे विचारत होती, ह्या सगळ्या सख्ख्या बहिणी का. तुम्ही ओलं फडकं घेऊन गुडघ्यावर बसलात आणि खुणा पुसल्यात. रागावला नव्हतात. पुसता पुसता हसत होतात, आणि मी वर उभी, हिरमुसलेली. माझं म्हणणं एवढंच होतं की मापं बरोबर होती.

ती अजूनही बरोबर आहेत, अक्का. हे मी सोडत नाही.

पण आपलं खरं भांडण ते नव्हे. गालावर भाजल्याची खूण असलेली ती मुलगी. तिला तुम्ही असं बसवलंत की खूण पलीकडं गेली. फोटो सुंदर आला. मी जिन्यातच तुम्हाला गाठलं.

"अक्का, हे बरोबर नाही. बघणाऱ्याला कळायला पाहिजे."

"मग कळवू दे की तिच्या बापानं. बायोडाटा लिहायला मी बसले न्हाई."

"फोटो म्हणजेसुद्धा सांगणंच आहे."

"तू माणसाकडं बघायलीस का तराजूकडं?"

मुलाकडचे आले. बघितलं, चहा घेतला, आणि बाहेर पडताना त्यांच्यातली एक बाई मोठ्यानं बोलली, फोटोत एक आन् घरात एक. मुलीची आई आपल्या जिन्यात येऊन बसली. तिनं काही दोष दिला नाही. नुसती बसली, पदर तोंडाला लावून. ती गेल्यावर मी म्हटलं, "मी सांगितलं होतं." तुम्ही बराच वेळ थर्माकोल पुसत राहिलात. त्यावर धूळ नव्हती.

मग म्हणालात, "खूण दाखविली असती तर ते आलेच नसते. आता आले आन् बघून गेले. दोन्हीत बरं कोणतं, तेवढं मोजून सांग मला."

मला मोजता आलं नाही. त्यानंतर हा वाद आपण कितीदा घातला. भाकरी थापताना, गच्चीवर पापड वाळत घालताना, एकदा तर वन्संच्या दारात, त्या दार उघडेपर्यंत. माझं म्हणणं, फोटोनं आहे ते सांगावं. तुमचं म्हणणं, आहे ते एका बाजूनं दिसतच नसतं, मग बरी बाजू पुढं केली तर बिघडलं कुठं. जिंकलं कुणीच नाही. मला तो वाद आवडायचा, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुपारच्या घरात आपण दोघीच, आणि आपल्याला बोलायला एक न संपणारा विषय होता. किती घरांत असतो?

मग तुम्हाला तो पहिला झटका आला. हातपाय वाचले, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि एक पापणी पुरती मिटेना. तुम्ही आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलात. पदर तोंडावर घेऊन बोलू लागलात, माझ्याशीसुद्धा. वरच्या खोलीला कुलूप लागलं. मुली यायच्या, मी खालूनच परत पाठवायचे. आणि एका दुपारी मी भांडी विसळत असताना जिन्यावरून हाक आली.

"शोभा, ये. आज माझा काढ."

वर आले तर तुम्ही स्टुलावर बसलेल्या. जांभळी साडी, केस विंचरलेले, तोंडावर पदर नाही. आणि खरं तेच दाखवा म्हणून इतकी वर्षं भांडलेली मी काय म्हणाले? "अक्का, जरा इकडून वळा. ती बाजू पलीकडं जाऊ द्या."

तुम्ही त्या वाकड्या तोंडानं हसलात. "आता का? तराजू कुठं ठिवलास?" मग म्हणालात, "एक तुझ्या रीतीनं काढ, एक माझ्या रीतीनं. मग बघू."

पहिला माझा. समोरून, भिंगात बघून, दोन्ही खांदे सारखे. दुसऱ्याला तुम्ही मला कॅमेऱ्यामागून हाकललंत. "रिमोट घे हातात. आन् तिथं उभी ऱ्हा, थर्माकोलपाशी. मला बघायला कुणीतरी पाहिजे न्हवं?"

त्या जागेवर मी आधी कधी उभी राहिले नव्हते. ती आयांची जागा. तुम्ही अंग खिडकीकडं वळवलंत, विहिरीत डोकावल्यासारखी मान काढलीत आणि माझ्याकडं बघितलंत. मी बटण दाबायचं विसरले.

"दाब की गं. मान अवघडली."

तेव्हा दाबलं. दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी बघायचे होते, पण लाइट गेलेली. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर तुम्हाला काही दिसायचं नाही. "उद्या बघू," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मग राहत गेलं. मग दुसरा झटका.

परवा मी एकटीनं ते उघडले. मला वाटलं होतं, तुमच्या रीतीच्या फोटोत वाकडी बाजू झाकलेली असणार. झाकलेली नाही. उलट तीच खिडकीकडं आहे, लख्ख उजेडात. मी पट्टी घेतली आणि पडद्यावर तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांची उंची मोजली. हसू नका. वाकडेपणात म्हणण्यासारखा फरक नाही. पण पहिल्यात आजारी बाई दिसते. दुसऱ्यात माझी थोरली जाऊ दिसते, आता माझी थट्टा करील अशी. हा फरक पट्टीत सापडत नाही.

म्हणजे तुमचं खरं होतं? तसंही मी म्हणणार नाही. त्या मुलीची खूण तुम्ही पलीकडं नेलीत आणि स्वतःची अलीकडं घेतलीत. असं का केलंत, ते विचारायचं राहिलं. उत्तर तुमच्याकडं तयार असणार. नसतं, तर भाकरी होईपर्यंत तयार केलं असतं.

इथवर लिहून हे पत्र आठवडाभर तसंच राहिलं. मधल्या दिवसांत मी दुसरा फोटो छापला, वजिराबादेच्या बाजारातून फ्रेम करून आणला आणि बैठकीत टेबलावर टेकवून ठेवला. दादा समोर येऊन उभे राहिले. बघितलं. मग जरा डावीकडं सरकले. मग उजवीकडं. चष्मा काढून सदऱ्यानं पुसला आणि पुन्हा डावीकडं झाले.

"आपल्याकडं काय बघंना गं ही," म्हणाले.

ते आत गेल्यावर मी तपासून पाहिलं. बैठकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. त्यांचं खरं होतं. भिंगात बघून काढलेला फोटो कुठूनही बघा, तो आपल्याकडं बघतो. बाजूला बघून काढलेला कुठूनही बघा, बघत नाही. हिशेब साधा आहे, पण इतकी वर्षं तो आपल्याला सुचला नव्हता. सुचणार कसा? आपण फोटो काढत होतो ते पुढं प्रत्यक्ष भेटणाऱ्या माणसांसाठी. नजरेला नजर द्यायला ती मुलगी स्वतः चहाचा ट्रे घेऊन बाहेर येणार होती.

मग मी माझ्या रीतीचा, समोरून काढलेला छापून आणला. वन्संनी बघताच कपाळाला हात लावला. "अगं, हे वाकडं तोंड भिंतीवर? आल्या-गेल्यानं काय म्हणावं?"

दादा पेपरमागून म्हणाले, "ऱ्हाऊ दे वाकडं. माझ्याकडं बघायली न्हवं."

तोच लागला. ते खुर्चीत असले, दारात असले, पाणी प्यायला उठले, तरी तुम्ही त्यांच्याकडं बघत असता. परवापासून पेपर जरा खाली आला आहे.

तुमच्या रीतीचा मी वर नेला. त्याच्या डोळ्यांत मला बघता येत नाही, हे मोजून झालेलं आहे. तरी नेला आणि भिंतीला लावला. हिशेबाचं काम घेऊन मी आता दुपारी तिथंच बसते. खोली फार मोठी झाली आहे. बेरीज करता करता कधी कान जिन्याकडं जातो, आणि मग लक्षात येतं की हाक जिथून यायची तिथं मीच येऊन बसले आहे. मग हाक मारणार कोण? खाली जाते, चहा करते. आधण अजून दोघींचं ठेवलं जातं. उरलेला चहा मीच पिते, गार झाल्यावर.

काल एक मुलगी आली. तुमच्या उदगीरकडची, इथं नर्सिंगला आहे, एकटीच आली होती. मी परत पाठवणार होते. पण ती तोंड धुऊन, पावडर लावून, पिशवीत दुसरा ड्रेस घेऊन आली होती, तेव्हा वर नेलं. स्टूल, खिडकी, थर्माकोल, सगळं जागेवर. विहिरीत डोकाव म्हटलं तर म्हणाली, "आमच्याकडं बोअर हाय, काकू. विहीर न्हाई."

तुम्ही असता तर हसून लगेच दुसरं काहीतरी काढलं असतं. ती खांदे आवळून भिंगात बघत बसली, आधार कार्डाला बसावं तशी. डाव्या बाजूला उभं करायला तिची आई नव्हती, बहीण नव्हती. मीच जावं म्हटलं तर रिमोटचा सेल उतरलेला. म्हणून मी तुमची तसबीर भिंतीवरून काढली आणि एका खुर्चीवर थर्माकोलपाशी उभी केली.

"कॅमेऱ्याकडं बघू नको," मी म्हटलं. "तो तुझा कुणी लागत नाही. ह्यांच्याकडं बघ."

तिनं बघितलं. ती दादांसारखी डावी-उजवीकडं झाली नाही. खांदे हळूहळू खाली आले. नीट दिसेना म्हणून की काय, तिनं मान जराशी पुढं काढली.

"काकू, ह्या कुणाकडं बघायल्यात?"

"माझ्याकडं," मी म्हटलं.

ती तशीच बघत राहिली आणि मी बटण दाबलं. हनुवटी जागेवर होती, अक्का. मी मोजली नाही.